हिरवा त्रिकोण आणि पुढची पिढी

कीडनाशकाच्या डब्यावरील त्रिकोणाच्या रंगावरून त्याचा विषारीपणा ठरविण्याची सवय शेतकऱ्यांना झालेली आहे. लाल सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा व निळा आणि सर्वांत कमी हिरवा, हा क्रम योग्यच आहे. मात्र हा रंग केवळ तीव्र विषाक्तता दर्शवितो. चाचणीतील निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा, म्हणजेच एलडी ५०, तोंडावाटे प्रति किलो वजनास ५० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास लाल, तर ५,००० मिलिग्रॅमहून अधिक असल्यास हिरवा त्रिकोण दिला जातो. अल्प मात्रा दीर्घकाळ शरीरात जात राहिल्यास प्रजननक्षमतेवर व संततीवर काय परिणाम होतो, हे या रंगावरून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचणी करावी लागते.

दोन पिढ्यांची चाचणी

ओईसीडीच्या ४१६ क्रमांकाच्या मार्गदर्शक पद्धतीनुसार ही चाचणी प्रामुख्याने उंदरांवर केली जाते. चढत्या मात्रेचे किमान तीन गट आणि रसायन न दिलेला एक नियंत्रण गट असतो. प्रत्येक गटात साधारण २० गाभण माद्या मिळणे अपेक्षित असते. नर व मादी दोघांनाही संयोगापूर्वी किमान १० आठवडे रसायन दिले जाते. नर उंदरात शुक्राणूनिर्मितीचे एक चक्र पूर्ण होण्यास सुमारे ७० दिवस लागत असल्याने हा कालावधी ठरविलेला आहे. गर्भकाळात आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही रसायन सुरूच राहते. पुढे त्याच पिल्लांपासून दुसरी पिढी घेतली जाते. कारण गर्भावस्थेत झालेली इजा कित्येकदा ते पिल्लू स्वतः प्रजननक्षम झाल्यावरच उघड होते.

गर्भधारणेचे प्रमाण, जिवंत व मृत पिल्लांची संख्या, त्यांचे वजन, वयात येण्याचा काळ, शुक्राणूंची संख्या व हालचाल, माद्यांचे माजाचे चक्र आणि वृषण, अंडाशय व गर्भाशयाच्या ऊती यांची तपासणी होते.

इशारा आणि दुर्लक्ष

डीबीसीपी या सूत्रकृमिनाशकामुळे उंदरांच्या वृषणांचा ऱ्हास होतो, हे १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही त्याचा वापर सुरू राहिला. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील कारखान्यात हे रसायन हाताळणाऱ्या पुरुष कामगारांमध्ये वंध्यत्व आढळले. त्यानंतर १९७९ मध्ये अमेरिकेत त्याचे बहुतेक सर्व वापर थांबविण्यात आले. उंदरांनी दिलेला इशारा कामगारांपर्यंत पोहोचण्यास सोळा वर्षे लागली.

बेनोमिल या बुरशीनाशकाचे उदाहरण त्रिकोणाच्या मर्यादेवर बोट ठेवते. त्याची तोंडावाटे एलडी ५० उंदरांत ५,००० मिलिग्रॅमहून अधिक, म्हणजे हिरव्या त्रिकोणाच्या टप्प्यातील आहे. तरीही उंदरांच्या वृषणांवर व शुक्राणूंवर त्याचा अपाय दिसून आला. भारतात २०१८ च्या आदेशाने बंदी घातलेल्या कीडनाशकांत बेनोमिलचा समावेश आहे.

मात्रेपासून मर्यादेपर्यंत

विविध चाचण्यांमध्ये कोणताही अपाय न आढळलेल्या कमाल मात्रांतून योग्य ती मात्रा निवडून तिला सामान्यतः १०० ने भागले जाते. प्राणी व माणूस यांतील फरकासाठी १० पट आणि माणसामाणसांतील फरकासाठी १० पट, असा हा हिशेब आहे. समजा, ती मात्रा दररोज प्रति किलो १० मिलिग्रॅम असेल, तर माणसासाठी स्वीकारार्ह दैनंदिन सेवन प्रति किलो ०.१ मिलिग्रॅम ठरते. काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळल्यास अन्नातील अवशेष मर्यादेत राहण्यास मदत होते.

परंतु ही मर्यादा अन्न खाणाऱ्यासाठी आहे. फवारणी करणाऱ्याच्या शरीरात रसायन मुख्यतः त्वचेतून व श्वासातून जाते आणि द्रावण तयार करताना त्याचा संपर्क मूळ तीव्र औषधाशी येतो. म्हणून हिरवा त्रिकोण असला तरी हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण अंगभर कपडे टाळू नयेत. गर्भवती व स्तनदा महिलांना द्रावण तयार करणे, फवारणी आणि फवारणीचे कपडे धुणे या कामांपासून दूर ठेवावे. विस्तार कार्यकर्त्यांनी त्रिकोणाचा रंग समजावताना त्याची ही मर्यादाही आवर्जून सांगावी.