विषाणूची पैसेवारी

पिकाची पैसेवारी कशी ठरते, हे वाशीम जिल्ह्यातील आसेगावच्या शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. गावातील प्रत्येक शेताचे उत्पन्न मोजणे शक्य नसते. म्हणून काही भूखंड निवडावयाचे, तेथील पीक कापून तोलावयाचे आणि त्यावरून साऱ्या गावाचा अंदाज बांधावयाचा. पीक कापणी प्रयोगांच्या या पद्धतीला डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात शास्त्रीय बैठक दिली. नमुना योग्य रीतीने निवडला पाहिजे आणि निष्कर्ष वेळेवर हाती आला पाहिजे, या तिच्या दोन अटी. साथीच्या काळात विषाणूच्या जनुकीय क्रमनिर्धारणालाही याच दोन अटी लागू पडतात. आणि २०२१ साली आपण नेमके या दोहोंतच उणे पडलो.

करोना विषाणूची जनुकीय संहिता सुमारे ३० हजार अक्षरांची आहे. विषाणू स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा तीत अधूनमधून चुका होतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु एखादी चूक त्यास अधिक वेगाने पसरण्याचे वा शरीराच्या प्रतिकारशक्तीस चुकविण्याचे बळ देते. रुग्ण बाधित आहे किंवा नाही, एवढेच नेहमीची चाचणी सांगते. तो कोणत्या प्रकाराने बाधित आहे, हे संहिता वाचल्यावरच निश्चित कळते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये साथ ओसरली असे वाटत असतानाच अमरावती विभागात रुग्णसंख्या एकाएकी वाढू लागली. रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी आली. त्या सुमारास अमरावती, यवतमाळकडील मोजके नमुने पुण्यात तपासण्यात आले आणि त्यांत परदेशातील प्रकार आढळले नाहीत, असे राज्याच्या आरोग्य खात्याने जाहीर केले. उत्तर खरे होते. प्रश्न मात्र अपुरा होता. बाहेरचा चोर आला नाही, एवढ्यावरून घर सुरक्षित ठरत नाही. २४ मार्च रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की, महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट बदल आढळत असून ते पूर्वीच्या कोणत्याही चिंताजनक प्रकाराशी जुळत नाहीत. त्याच कुळातील एका शाखेस जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी 'डेल्टा' हे नाव दिले. तिचे सर्वांत जुने नोंदलेले नमुने भारतातील, ऑक्टोबर २०२० मधील होते. नाव मिळेपर्यंत प्राणवायूसाठी वणवण करणाऱ्या असंख्य कुटुंबांत माणसे दगावली होती.

येथे कोणी म्हणेल की, प्रकाराचे नाव कळल्याने रोगी बरा होत नाही. मग हा खर्च कशासाठी? आक्षेप वरवर रास्त आहे. रुग्णशय्येपाशी या ज्ञानाचा उपयोग थोडा, हे मान्य करावयास हवे. परंतु खाटा किती लागतील, प्राणवायूचा साठा कोठे हलवावयाचा, गर्दीचे समारंभ होऊ द्यावयाचे की नाहीत, हे निर्णय याच ज्ञानावर अवलंबून असतात. पैसेवारीनेही पीक वाढत नाही. तरीही ती वेळेवर लागली नाही तर सवलती कोणास द्यावयाच्या, हे ठरत नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशी माहिती ही सार्वजनिक वस्तू होय. आसेगावच्या आरोग्य केंद्रातून गेलेल्या नमुन्याचा लाभ मुंबईला होतो आणि कदाचित लंडनलाही. म्हणून तो खर्च ना रुग्ण करील, ना खाजगी प्रयोगशाळा. तो शासनानेच केला पाहिजे. ब्रिटनने मार्च २०२० मध्येच २ कोटी पौंडांची तरतूद करून हे काम हाती घेतले. आपल्याकडे दहा प्रयोगशाळांचा राष्ट्रीय समूह डिसेंबर २०२० मध्ये उभा राहिला. त्यांतील दोन पुण्यात होत्या. विदर्भात एकही नव्हती. बाधितांपैकी ५ टक्के नमुने वाचण्याचे उद्दिष्ट ठरले होते. दुसरी लाट येईपर्यंत ते गाठता आले नाही.

पुढील साथ कोणत्या विषाणूची असेल, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. परंतु प्रत्येक तालुक्यातून, रुग्ण थोडे असोत वा फार, ठराविक नमुने नियमाने निवडले जावेत, ते शीतपेटीतून जवळच्या प्रयोगशाळेत पोहोचावेत आणि निष्कर्ष त्याच तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे काही दिवसांत परत यावा, एवढी व्यवस्था आपल्या आवाक्यातील आहे. साथ नसलेल्या वर्षी हा खर्च व्यर्थ वाटेल आणि काटकसरीची कात्री प्रथम त्यावरच चालेल. तेथेच सावध राहिले पाहिजे. दुष्काळाचा अंदाज सुकाळातही घ्यावाच लागतो. आणि जे गाव आपला नमुना देते, त्याला वेळेवर उत्तर मिळण्याचा हक्क आहे.