सुई टळत नाही, धाक टाळता येतो

"चूप बस, नाही तं डॉक्टर सुई टोचतीन." साकोलीकडच्या ओपीडीत हे वाक्य रोज कानावर पडतं. बोलणारी आजी प्रेमळच असते, पण नातू त्याच क्षणी माझ्याकडे पाठ फिरवतो.

लहानग्यांना दुखणं फारसं कळत नाही, असं डॉक्टरही मानत. १९८०च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या शस्त्रक्रिया कित्येकदा पुरेशा भुलीशिवाय होत. डॉ. कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी १९८७मध्ये सहकाऱ्यासह लिहिलेल्या लेखाने या समजाला मोठा धक्का दिला.

राष्ट्रीय लसीकरणात बाळाला दीड महिन्याला आणि पुन्हा साडेतीन महिन्यांना एकाच दिवशी तीन सुया बसतात. त्या वेळचं सर्वांत चांगलं औषध आईजवळच असतं. सुईच्या काही मिनिटं आधी बाळाला पाजायला घ्या, टोचताना आणि नंतरही पाजत राहा. ठसका लागेल ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. खरी अडचण वेगळीच: अंगणवाडीत दहा माणसांसमोर पाजायचं कसं? दोरीवर जुनी साडी टाकली तरी आडोसा होतो. सिस्टरला हक्कानं सांगा.

थोड्या मोठ्या मुलाला टेबलावर आडवं दाबून धरू नये. मीही तरुणपणी तेच करायला लावत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या सूचनांनुसार त्याला आईबापाच्या मांडीवर बसवावं आणि लक्ष दुसरीकडे वळवावं. फुगा फुगवायला द्या, नाहीतर नुसती फुंकर मारायला सांगा. "दुखणार नाही" असं खोटं मात्र सांगू नका; पुढच्या वेळी तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?

आमच्या पूर्व विदर्भात हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण इथे सिकलसेल आहे. या मुलांना तपासणीसाठी, सलाईनसाठी पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. सुईची धास्ती बसली की मूल अंगदुखी लपवतं आणि घरच्यांना उशिरा कळतं. सिकलसेलमध्ये ताप आला असताना झालेला उशीर जिवावर बेतू शकतो. अशा मुलाची तपासणी आधीच ठरलेली असेल तर बधिर करणाऱ्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा. ते लावून साधारण तासभर थांबावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत ते जमत नाही, हे मान्य.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. दोनदा टोचून शीर सापडली नाही, तर तिसऱ्यांदा मी टोचत नाही, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो. बहुतेक वेळा ती एखादी सिस्टरच असते.