तैलखडूतून हुबेहूब प्राणिचित्र : कौशल्य रंगांच्या क्रमाचे

सांताक्रूझ स्थानकाबाहेर दुकानाच्या पायरीवर निजलेला कुत्रा पाहणाऱ्याला तपकिरी दिसतो. डब्यातील तपकिरी खडूने तो रंगवला, की कागदावर मात्र खेळण्यातला कुत्रा तयार होतो. उन्हातील पाठ पिवळसर नारिंगी आणि पोटाखालची सावली जांभळट करडी असते, हे डोळ्यांना आधी शिकवावे लागते. घरातला लाडका प्राणी गेल्यावर छायाचित्रावरून त्याचे चित्र काढू पाहणाऱ्यांची पहिली निराशा इथेच होते आणि दोष खडूंना दिला जातो.

तैलखडू, अर्थात ऑइल पेस्टल, मुलांचे साधन समजले जाते. जपानच्या साकुरा कंपनीने १९२५ मध्ये ते ‘क्रे-पास’ नावाने आणले. मराठी घरांत ते पोहोचले प्रामुख्याने ‘कॅमल’च्या डब्यातून. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिनची बहुतांश मालकी २०११ मध्ये जपानच्याच कोकुयो कंपनीकडे गेली, हा एक योगायोग.

रंगद्रव्य, मेण आणि न वाळणारे तेल यांचा हा खडू कागदावर कधीच पूर्णपणे सुकत नाही. त्यामुळे चित्र झाल्यावरही रंग सरकवता किंवा खरवडता येतो. पण थर वाढले, की खालचा रंग वर येऊन सारे मळकट होते. म्हणून हुबेहूबपणा हा मुख्यतः क्रमाचा प्रश्न ठरतो.

सुरुवात छायाचित्रापासून. उभे राहून वरून टिपलेल्या छायाचित्रात नाक अवास्तव मोठे दिसते. फ्लॅश वापरल्यास दृष्टिपटलामागील परावर्तक थरामुळे डोळे हिरवट चमकतात. प्राण्याच्या नजरेच्या उंचीवरून, खिडकीच्या उजेडात घेतलेले छायाचित्र उत्तम. खडूचे टोक बोथट असल्याने कागद किमान ए-३ आकाराचा आणि किंचित खरखरीत हवा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर डोळ्यातला प्रकाशबिंदू काढणे अशक्यप्राय.

डोळे आधी पूर्ण करावेत. ते जमले नाहीत, तर पुढची मेहनत वाया जाते. बाहुली निव्वळ काळी नसते. गडद तपकिरीवर निळा चढवला, की खोली येते. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते. नवखे ती विसरतात आणि प्राणी दचकल्यासारखा दिसतो. प्रकाशबिंदूसाठी कागद कोरा राखणे सर्वांत सोपे.

केस एकेक करून काढायचे नसतात. नाकापासून कपाळाकडे, गालावरून मागे अशी त्यांची दिशा आधी हलक्या रेषांनी आखावी. मग मध्यम छटा, त्यावर गडद सावल्या आणि शेवटी दाब देऊन फिकट फटकारे. मांजराच्या मिशांसाठी मात्र खाली फिका, वर गडद थर देऊन सुईच्या टोकाने एकाच झटक्यात खरवडावे. दुसऱ्यांदा तीच रेषा गिरवली, की मिशीची तार होते. प्रत्येक फटकाऱ्यानंतर खडूचे टोक पुसण्याचा कंटाळा करू नये. पांढऱ्या खडूला चिकटलेला काळा कण अख्खा चेहरा बिघडवतो.

मे महिन्यात उपनगरांतील उकाड्याने खडू लोण्यासारखे मऊ होतात. बारकाव्यांपूर्वी ते काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवणे हा सोपा उपाय. पावसाळा अधिक घातक. ज्या सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तिच्या परिसरात कागद जपणे सोपे नाही. खडूचा थर पाणी झटकतो, पण कागद ओलावा शोषतो आणि त्यावर बुरशी धरते. चौकट करताना काच चित्राला टेकू देऊ नये, अन्यथा न सुकलेला रंग तिलाच चिकटतो. जाड माउंट घालून मध्ये फट ठेवावी आणि ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर हे चित्र टांगू नये.