टर्न-की ठेका आणि आपला कामगार

आपल्या समाजातील अनेक तरुण आज आय.टी.आय. किंवा डिप्लोमा करून मोठ्या कारखान्यांच्या उभारणीवर कामास जातात. तेथे 'टर्न-की' किंवा 'ई.पी.सी.' हे शब्द त्यांच्या कानी पडतात. त्यांचा अर्थ समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

जुन्या पद्धतीत मालक आराखडा एकाकडून, यंत्रे दुसऱ्याकडून व बांधकाम तिसऱ्याकडून करून घेतो. काम अडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ई.पी.सी.मध्ये आराखडा, खरेदी व बांधणी ही तिन्ही कामे एकाच ठेकेदाराकडे असतात. साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. रोज किती टन ऊस गाळला गेला पाहिजे व कोणत्या तारखेपासून, एवढे मालक सांगतो. ते कसे साधावयाचे हे ठेकेदाराने ठरवावयाचे. किंमत बहुधा ठोक असते. पोलादाचा भाव चढला तरी ती सहसा वाढत नाही. म्हणून ठेकेदार तो धोका धरूनच आकडा भरतो. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. शेवटी कारखाना चालवून चाचणी होते. उशीर झाला वा गाळप कमी पडले तर ठरलेली भरपाई द्यावी लागते. सल्लागार अभियंत्यांच्या 'फिडिक' या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९९ मध्ये अशा कराराचा नमुना 'सिल्व्हर बुक' या नावाने प्रसिद्ध केला.

मालकापुढे जबाबदारी अशी एकवटते. खाली मात्र ती विखुरते. मुख्य ठेकेदार पायाचे काम एकाला, वेल्डिंगचे दुसऱ्याला देतो. पोटठेकेदाराखाली मुकादम आणि मुकादमाखाली आपला मजूर. ठोक किमतीत बचत करावयाची झाल्यास पहिली कात्री मजुरीला व सुरक्षिततेला लागण्याची भीती असते.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. कामगाराचे रक्षण मालकाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने व्हावे, ही दिशा त्यांच्या कार्यातून मिळाली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी थकविल्यास ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. हेच तत्त्व २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे.

परंतु हक्क मागावयाचा तर पुरावा हवा. म्हणून हजेरी कार्ड, वेतनचिठ्ठी व पी.एफ. क्रमांक जपून ठेवा. आपण कोणत्या ठेकेदाराकडे आहोत आणि मुख्य मालक कोण, हे पहिल्याच दिवशी विचारा. वर्षात ९० दिवस बांधकामावर भरले असल्यास कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. शिकलेल्या तरुणांनी हे आपल्या निरक्षर बांधवांना समजावून सांगावे, एवढीच आमची विनंती.

जय भीम!