साहेबांच्या शेजारची खुर्ची

एचआर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ट्रॅडिशनल डेची रांगोळी, अप्रेझलचा फॉर्म आणि राजीनामा दिल्यावर ‘एकदा शांतपणे विचार करा ना’ म्हणणारा गोड आवाज. बरोबर? बावीस वर्षं तो गोड आवाज माझाच होता! आता माझं काम वेगळं आहे. एचआरमध्ये पंधरा-वीस वर्षं काढलेल्या सीनियर मंडळींना मी सीएचआरओच्या, म्हणजे चीफ ह्युमन रिसोर्सेस ऑफिसरच्या खुर्चीसाठी तयार करते.

तुम्ही म्हणाल, आम्ही आत्ता कुठे टीम लीड झालोय, आम्हाला त्याचं काय? तर मंडळी, तुमची पगारवाढ, तुमचं प्रमोशन आणि वेळ आलीच तर तुमची नोकरी, या सगळ्याची चर्चा ज्या टेबलावर होते, तिथं तुमच्या बाजूनं बोलू शकणारी ही एकच खुर्ची असते. त्यामुळे तिथं कोण बसतं आणि कशी तयारी करून बसतं, हा तुमचाही प्रश्न आहे.

पाहुणी खुर्ची

आपल्याकडे या खात्याचा जन्म कारखान्यात झाला. १९४८च्या कारखाना कायद्यानं ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणं सक्तीचं केलं. पुढे त्याचा पर्सोनेल मॅनेजर झाला, मग एचआर मॅनेजर आणि आता सीएचआरओ. पाटी बदलत गेली, पण एक गोष्ट बदलली नाही. २०१३चा कंपनी कायदा उघडून बघा. लिस्टेड कंपनीत कोणती मुख्य पदं भरलीच पाहिजेत, याची यादी त्यात आहे. एमडी किंवा सीईओ आहे, कंपनी सेक्रेटरी आहे, सीएफओ आहे. सीएचआरओ नाही! म्हणजे सीएफओला कायद्यानं खुर्ची दिलीय आणि सीएचआरओला ती कमवावी लागते. माझ्या पहिल्याच सेशनला मी हे सांगते. दोन मिनिटं कोणी बोलत नाही.

धडा पहिला : रुपयात बोला

सीनियर एचआरवाल्यांची नेहमीची तक्रार असते, ‘बोर्ड आमचं ऐकत नाही.’ मी विचारते, तुम्ही बोलता कोणत्या भाषेत? ‘ॲट्रिशन वाढलंय, लोक नाराज आहेत’ या वाक्यावर डायरेक्टर मंडळी मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. आता हेच असं मांडून बघा. समजा, कंपनीत २,००० लोक आहेत आणि वर्षाला त्यातले १८ टक्के, म्हणजे ३६० जण सोडून जातात. एका माणसाच्या जागी दुसरा आणून तयार करायला १.८ लाख खर्च धरला, तर वर्षाचे झाले ६.४८ कोटी. हे प्रमाण १३ टक्क्यांवर आणलं की १०० माणसं टिकतात आणि १.८ कोटी वाचतात. कंपनी विक्रीवर दहा टक्के नफा कमावत असेल, तर एवढा नफा मिळवायला १८ कोटींचा माल विकावा लागेल. आता बघा, सीएफओ पेन उचलतो की नाही!

हल्ली तर ही भाषा टाळताच येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यात सामावले गेले. ‘वेतन’ कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे ग्रॅच्युइटीचा हिशोब बदलतो. दिसायला हा पगाराच्या स्लिपचा विषय, पण त्याचं बिल थेट ताळेबंदात येतं. ते किती येणार, हे सीएफओच्या आधी सीएचआरओला सांगता आलं पाहिजे.

धडा दुसरा : खात्याबाहेर पडा

लीना नायर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. कोल्हापूरची मुलगी, सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनियर, मग जमशेदपूरचं एक्सएलआरआय. १९९२मध्ये त्या हिंदुस्तान लिव्हरमध्ये ट्रेनी म्हणून लागल्या आणि सुरुवातीची वर्षं त्यांनी कारखान्यांमध्येही काम केलं. २०१६मध्ये त्या युनिलिव्हरच्या जागतिक सीएचआरओ झाल्या. या पदावरच्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या आशियाई. जानेवारी २०२२मध्ये त्या थेट शनेलच्या ग्लोबल सीईओ झाल्या.

मेरी बारांचा प्रवास उलट्या दिशेनं झाला. त्या मूळच्या इलेक्ट्रिकल इंजिनियर, कारखाना चालवलेल्या. २००९मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीतून बाहेर पडत असताना त्यांना जागतिक एचआरची प्रमुख केलं गेलं. कंपनीचा दहा पानी ड्रेस कोड त्यांनी दोन शब्दांवर आणला : कपडे नीट घाला, एवढाच त्याचा अर्थ. मॅनेजर लोकांना कपड्यांचा निर्णय घेता येत नसेल, तर मोठे निर्णय ते काय घेणार, हा त्यामागचा विचार. जानेवारी २०१४मध्ये त्या कंपनीच्या सीईओ झाल्या.

दोघींमध्ये सारखं काय? दोघींनी माल कसा बनतो ते उभं राहून पाहिलं होतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी पाठवते ते गोडाऊनला, कॉल सेंटरच्या नाईट शिफ्टला, सेल्समनच्या बाईकवर मागे बसून दुकानांच्या फेरीला. वीस वर्षं ज्यांची भरती केली ते लोक दिवसभर नेमकं करतात काय, हे काही जण तिथं पहिल्यांदा बघतात.

धडा तिसरा : साहेबांना ‘नाही’

सगळ्यात अवघड धडा हाच. १९९७मध्ये डेव्ह उलरिच या अमेरिकन प्राध्यापकानं एचआरच्या चार भूमिका मांडल्या. त्यातली एक कंपनीच्या धोरणातल्या भागीदाराची आणि एक कर्मचाऱ्यांच्या पाठीराख्याची. कागदावर दोन्ही छान नांदतात. प्रत्यक्षात काय होतं, ते दाखवायला मी एक केस देते.

कंपनीला सगळ्यात जास्त धंदा मिळवून देणारा सेल्स हेड. त्याच्याविरुद्ध एका ज्युनियर मुलीची लैंगिक छळाची लेखी तक्रार येते. क्वार्टर संपायला पाच आठवडे उरलेत. एमडी म्हणतात, ‘जरा क्वार्टर जाऊ दे, मग बघू.’ तुम्ही काय कराल?

हुशार हुशार माणसं इथं चाचरतात. कोणी म्हणतं, मुलीची बदली करू. कोणी म्हणतं, तिला समजावू. खरं तर २०१३च्या कायद्यात उत्तर स्वच्छ आहे. तक्रार अंतर्गत समितीकडे जायला हवी, चौकशी ९० दिवसांत संपायला हवी आणि अहवाल आल्यावर मालकानं ६० दिवसांत कारवाई करायला हवी. थांबवायचा अधिकार एमडींना नाही आणि सीएचआरओलाही नाही. कायदा सगळ्यांना पाठ असतो हो! जड जातं ते हे वाक्य, ज्यांच्या सहीनं आपली नेमणूक झाली त्यांच्या डोळ्यांत बघून बोलणं. म्हणून आम्ही ते वाक्य मोठ्यानं बोलून घेतो. पुन्हा पुन्हा. आवाज न चढवता आणि माफी न मागता.

लिस्टेड कंपनीत तर अजून एक परीक्षा असते. बड्या अधिकाऱ्यांचा पगार आणि त्यांचे वारस ठरवण्यासाठी बोर्डाची एक वेगळी कमिटी असते. त्यात बहुतेक स्वतंत्र डायरेक्टर असतात. तिथं सीएचआरओला आपल्याच बॉसच्या पगाराबद्दल आणि त्याच्या जागी उद्या कोण, याबद्दल खरं बोलावं लागतं. वार्षिक अहवालात डायरेक्टरचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट, हेही छापावं लागतं. तो आकडा लपवायचा नसतो, समजावून सांगायचा असतो.

आणि तुम्ही?

एचआरमध्ये असाल तर पन्नाशीची वाट बघू नका. या शनिवारी आपल्या कंपनीचा किंवा एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन बसा. किती लोक सोडून गेले, पगारावर किती खर्च झाला, तो पट किती, हे शोधा. वर्षभरासाठी एखादं एचआरबाहेरचं काम मागून घ्या. आणि मीटिंगमध्ये न पटलेल्या गोष्टीला एकदा तरी स्वच्छ ‘नाही’ म्हणून बघा. आज मॅनेजरला म्हणता आलं नाही, तर उद्या एमडींना कसं म्हणणार?

एचआरमध्ये नसाल, तर पुढच्या टाऊनहॉलला आपल्या सीएचआरओकडे नीट बघा. साहेब बोलत असताना ते सारखे मान डोलावतात की कधी मधेच थांबवून प्रश्नही विचारतात? तुमचा तिथला मुक्काम किती लांबवायचा, हे ठरवायला तेवढं पुरे!