शिवाजी नगरच्या आभाळातल्या पाकोळ्या

भाद्रपदात पावसाने उघडीप दिली की संध्याकाळी गच्चीवर जा आणि वर बघा. कोयत्यासारख्या वाकड्या पंखांचे, काळपट, चिमणीपेक्षाही लहान पक्षी घट्ट गोळा होऊन गिरक्या घेताना दिसतील. चिरचिर आवाज करत थवा उंच जातो, मध्येच विखुरतो, पुन्हा जमतो. अंधार पडू लागला की दिसेनासा होतो. या आपल्या पाकोळ्या. शेजारी त्यांना बतासी म्हणतील, कुणी अबाबीलही म्हणेल.

ओळखायची खूण सोपी आहे: कंबरेवर पांढरा पट्टा, गळाही पांढरा. आणि तारेवर बसलेला पक्षी पाकोळी नव्हे, ती भिंगरी. पाकोळीच्या पायाची चारही बोटे पुढे वळलेली असतात. तिला तार धरता येत नाही, फक्त उभ्या भिंतीला लटकता येते. त्यामुळे खाणे, पाणी पिणे, घरट्यासाठी पिसे गोळा करणे, सारे उडता उडता चालते. पावसाळ्यात वाळवीला पंख फुटतात, माश्या-चिलटे वाढतात, तेव्हा तिची चंगळ असते.

युरोपातली पाकोळी वीण आटोपल्यावर दहा महिने न टेकता हवेत राहू शकते, असे स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले. आपली पाकोळी मात्र घरकुलाची. पिसे आणि काड्या लाळेने चिकटवून कमानीखाली, सज्जाखाली, छताच्या कोपऱ्यात ती घरटे करते, तेही वसाहतीने. तेच घरटे वर्षानुवर्षे वापरते आणि वीण नसतानाही रात्री झोपायला तिथेच येते. फेब्रुवारी ते सप्टेंबर हा विणीचा काळ. म्हणून पावसाळ्याच्या शेवटी यंदाची पिल्लेही थव्यात सामील होतात आणि गोळा मोठा दिसतो.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना 'चिमणी स्विफ्ट' माहीत असेल. इथे चिमणी म्हणजे धुराडे, बरं का! पूर्वी ही पाकोळी पोकळ झाडांत राही, झाडे गेली तशी धुराड्यांत आली. आता जुनी धुराडी बंद होत आहेत आणि तिची संख्या घटते आहे. पोर्टलंड शहरात चॅपमन शाळेच्या धुराड्यात सप्टेंबरमध्ये तिच्या जवळच्या बहिणी, वॉक्स पाकोळ्या, हजारोंनी उतरतात. त्यांच्यासाठी शाळेने भट्टी पेटवणे लांबवले, पुढे गरम हवेची दुसरी सोय केली आणि धुराडे पक्ष्यांसाठी राखले. संध्याकाळी लोक चटया पसरून तो सोहळा बघतात.

आपल्याकडे प्रश्न निराळा आहे. जुन्या भोपाळात गौहर महालासारख्या कमानीदार वास्तू होत्या, शिवाजी नगरात सरकारी क्वार्टर्सचे सज्जे आणि व्हरांडे. नव्या काचेच्या, गुळगुळीत इमारतींत घरटे चिकटवायला जागाच नाही. शिवाय हवेतल्या किड्यांसाठी झाडी हवी. 2024 च्या जूनमध्ये शिवाजी नगर आणि तुळशी नगरमधली सुमारे 29 हजार झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध रहिवासी रस्त्यावर उतरले, बायकांनी झाडांना रक्षासूत्रे बांधली आणि सरकारला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. ती झाडे वाचली म्हणजे पाकोळ्यांचे ताटही वाचले.

आता घरट्याचे बघू. दिवाळीची रंगरंगोटी बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते. तेव्हा घरट्यात उशिराची पिल्ले असू शकतात, आणि नसली तरी ते पाकोळ्यांचे रात्रीचे अंथरूण असते. त्यामुळे सोसायटीच्या बैठकीत रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा: घरट्यांभोवती हातभर जागा सोडायची, खरवडायचे नाही. विष्ठा खाली पडते ही तक्रार खरी आहे. त्यासाठी घरट्याच्या बरेच खाली एक आडवी फळी लावली की काम होते. मुलांना मात्र या भाद्रपदात एकदा गच्चीवर न्या आणि थव्यात किती पाकोळ्या आहेत ते मोजायला सांगा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजता येईल.