नजर मागे वळली तेव्हा

पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की मलाशयाशी असह्य कळ उठते, पोट फुगतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. पाळी संपली की सगळं निवळतं. ही तक्रार घेऊन बाई डॉक्टरांकडे जाते, सोनोग्राफी होते आणि रिपोर्ट येतो : गर्भाशय नॉर्मल, बीजांडकोश नॉर्मल. मग ॲसिडिटीच्या गोळ्या, इसबगोल, आयबीएसचं निदान आणि ‘पाळीत थोडं दुखायचंच’ हा घरातला सल्ला. आतड्याच्या एंडोमेट्रिओसिसच्या कित्येक रुग्णांची वर्षं अशीच गेली आहेत. या आजाराची प्रतिमा पडद्यावर कशी उमटू लागली, याचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. यंत्रं बरीच आधी आली होती, त्यांतून कुठे आणि काय पाहायचं हे कळायला फार उशीर लागला.

या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १९ कोटी मुली आणि स्त्रियांना, म्हणजे प्रजननक्षम वयातल्या साधारण दहांतल्या एकीला, तो असतो. त्यांपैकी ५ ते १२ टक्के जणींत तो आतड्यापर्यंत पोचतो, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिथेही बहुतेक गाठी मलाशयावर आणि त्याच्या वरच्या सिग्मॉइड भागावर, म्हणजे गर्भाशयाच्या अगदी पाठीशी सापडतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गाठी फक्त पोट उघडल्यावर दिसत. बाल्टिमोरमध्ये थॉमस कलन यांनी योनीमार्ग आणि मलाशय यांच्यामधल्या गाठींची वर्णनं लिहिली. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचे जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये बीजांडकोशातल्या, आज ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाठींवर लिहिलं आणि लगेच पुढच्या वर्षी आतड्यावरच्या गाठींवर. म्हणजे वैद्यकशास्त्राला आतड्याचा हा आजार शंभर वर्षांपासून माहीत आहे. शस्त्रक्रियेआधी तो ओळखायचा कसा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

पहिलं उत्तर एक्स-रेचं होतं. बेरियमचा एनिमा देऊन काढलेल्या चित्रात आतड्याची भिंत बाहेरून दाबली गेल्यासारखी किंवा आक्रसलेली दिसे, पण हे एंडोमेट्रिओसिसमुळे की कर्करोगामुळे, हे खात्रीने सांगता येत नसे. कोलोनोस्कोपीचाही फारसा उपयोग झाला नाही आणि त्याचं कारण या आजाराच्या वाटचालीतच आहे. तो आतड्याच्या बाहेरच्या आवरणावर सुरू होतो, आत शिरून स्नायूच्या थरात जाड गाठ करतो आणि सर्वांत आतल्या नाजूक अस्तरापर्यंत क्वचितच पोचतो. कोलोनोस्कोपीत दिसतं ते फक्त हे अस्तर, म्हणून तिचा रिपोर्टही बहुधा नॉर्मल.

पुढे लॅपरोस्कोपी आली आणि दुर्बिणीतून पाहणं हाच निदानाचा शेवटचा शब्द ठरला. दुर्बिणीला पृष्ठभाग उत्तम दिसतो, पण गाठ भिंतीत किती खोल गेली आहे ते दिसत नाही. गर्भाशय आणि मलाशय एकमेकांना चिकटून मधली जागाच बुजली असेल, तर मागची गाठ नजरेआड राहते. निदानासाठी म्हणून आत शिरलेल्या सर्जनला अचानक आतड्याचा आजार सापडे, सोबत आतड्याचे सर्जन नसत, रुग्णाची संमतीही त्या शस्त्रक्रियेसाठी नसे. पोट बंद करून पुन्हा कधीतरी, एवढंच हाती उरे.

१९९० च्या सुमाराला बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या फिलिप कॉनिंक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच मिलिमीटरपेक्षा खोल शिरणाऱ्या आजाराकडे वेगळा प्रकार म्हणून लक्ष वेधलं. खोली हाच प्रश्न ठरल्यावर प्रतिमेचं काम स्पष्ट झालं. त्या दशकात पॅरिसच्या डॉक्टरांनी मलाशयातून एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून भिंतीचे थर तपासले. एमआरआयवरही या गाठींची ओळख पटू लागली : टी-टू चित्रांत काळसर दिसणारी गाठ आणि तिच्यावर उजळ अस्तराची टोपी, अळंबीच्या छत्रीसारखी.

योनीमार्गातून करायची सोनोग्राफी मात्र १९८० च्या दशकापासून वंध्यत्वाच्या दवाखान्यांत रोज होत होती. तिच्यावर बीजं मोजली जात, गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजली जाई. तोच प्रोब जरा मागे वळवला असता तर मलाशयाची पुढची भिंत काही सेंटिमीटरवरच होती. ती पद्धतशीरपणे पाहणाऱ्यांत ब्राझीलमधल्या साओ पावलोचा गट अग्रभागी होता. आदल्या रात्री सौम्य रेचक आणि तपासणीच्या तासभर आधी एनिमा, एवढ्या तयारीने आतडं मोकळं होई आणि भिंतीचे थर सुटे दिसत. मॉरिसिओ अब्राओ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मलाशय आणि सिग्मॉइडवरचा आजार असलेल्या शंभर जणींपैकी हाताच्या तपासणीने ७२, एमआरआयने ८३ आणि सोनोग्राफीने ९८ जणी ओळखता येतात, असं त्यांत दिसलं. हे निष्णात हातांचे आकडे होते. पण पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही सोनोग्राफीचा आकडा ९१ च्या आसपास राहिला आणि आजार नसताना तो असल्याचं सांगण्याची चूक अगदी कमी निघाली.

२०१० नंतर आणखी एक साधी युक्ती रुळली. प्रोबने हलका दाब देऊन मलाशय गर्भाशयाच्या पाठीवरून मोकळेपणाने सरकतं का, ते पाहायचं. सरकत नसेल तर मधली जागा बुजली असण्याची दाट शक्यता. ही ‘स्लायडिंग साइन’ पाहायला काही क्षण पुरतात. २०१६ मध्ये ‘आयडिया’ या आंतरराष्ट्रीय गटाने तपासणीचे चार टप्पे ठरवून दिले : गर्भाशय आणि बीजांडकोश, मग दुखणाऱ्या जागा आणि बीजांडकोशाची हालचाल, मग स्लायडिंग साइन, शेवटी पुढच्या आणि मागच्या भागातल्या गाठी. दुसरा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे डॉक्टर प्रोबने हळूच दाबून विचारतात, इथे दुखतं का? जी वेदना इतकी वर्षं ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकली गेली, ती इथे निदानाचा अधिकृत भाग झाली.

शेवटचं मोठं वळण २०२२ चं. युरोपच्या ‘एश्रे’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी लॅपरोस्कोपीला निदानाची सर्वोच्च कसोटी मानणं थांबवलं. प्रतिमांमध्ये काही दिसलं नाही किंवा औषधांनी गुण आला नाही, तर ती करावी, असा नवा क्रम आला. आता शस्त्रक्रियेआधीच गाठीची लांबी, खोली, गुदद्वारापासूनचं अंतर आणि गाठींची संख्या कळू शकते. त्यावरून गाठ तासून काढायची, चकतीएवढा भाग काढायचा की आतड्याचा तुकडाच, हे रुग्णाशी बोलून ठरवता येतं. मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड मुकाट्याने निकामी होत नाही ना, हेही त्याच बैठकीत पाहता येतं.

मर्यादा आहेतच. पोटाच्या आवरणावरचे वरवरचे डाग कोणत्याही चित्रात नीट दिसत नाहीत, म्हणून नॉर्मल रिपोर्टने आजार नाकारता येत नाही. अपेंडिक्स किंवा लहान आतड्याच्या टोकापर्यंत प्रोबची नजर पोचत नाही, तिथे एमआरआय लागतो. आपल्याकडे अविवाहित मुलींची सोनोग्राफी बहुधा लघवी तुंबवून पोटावरूनच होते आणि त्यात मलाशयाची भिंत नीट दिसत नाही. अशा मुलींसाठी एमआरआयचा मार्ग आहे, पण तो सुचवायला कुणाच्या तरी मनात शंका यावी लागते.

ती शंका येण्यासाठी नवं यंत्र लागत नाही. ब्रिटनसारख्या देशातही निदानाला सरासरी आठ वर्षं लागतात, असं तिथल्या संसदीय गटाने २०२० मध्ये नोंदवलं, आणि यंत्रांची टंचाई हे काही त्याचं मुख्य कारण नव्हे. शौचाची कळ पाळीबरोबर येते आणि जाते का, हा प्रश्न तपासणीच्या टेबलावर विचारला जावा. त्याचं उत्तर सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर लिहिलं जावं. रिपोर्टमध्ये गर्भाशय आणि बीजांडकोशांखाली आणखी एक ओळ असावी : मलाशयाची भिंत पाहिली, ती सरकते किंवा सरकत नाही. शंभर वर्षांच्या शोधाचं फळ त्या एका ओळीत आहे, आणि ती मागण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.